वेदीला बांधलेला कोंबडा

जुन्नर,
सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

आहुपे मुक्कामी राहणारी माझी धाकटी बहीण अंजना, हिला थोरली बहीण कोंडाबाईचा सलाम.

पत्र माझं आहे म्हणून फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. फोन केला की माझा आवाज ऐकून तू बंद करतीस, आणि तुझ्या डोंगरात रेंज त्या एका कातळावरच येती. माझ्यासाठी तू कातळ कशाला चढशील? पत्राला बंद करायचं बटण नसतं. अठ्ठावीस वर्षांत हे पहिलं पत्र, आणि सगळं माझ्या हातानं लिहितीया बरं का. तू चौथी शिकलीस म्हणून लई टेचात असायचीस. मी गुरं वळली म्हणून तू आश्रमशाळेत बसलीस, ते विसरू नकोस. आता मलाबी येतं. पवित्र शास्त्र वाचून वाचून शिकले. श्रेया, म्हणजे माझ्या वैजयंतीची पोरगी, नर्सिंगला लागलीय, इथं माझ्यापाशीच राहती. ती म्हणती, "आजी, तुझं अक्षर मुंगळ्यांच्या रांगेसारखं आहे, पण रांग सरळ आहे." मी इतकी खूश झाले की त्या दिवशी तिच्या ताटात एक अंडं जास्त पडलं.

तर काम काढलंय. काल आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण व्हता. वर्षातून एकदा शेतात, परसात जे पिकलं त्यातलं चांगलं बघून देवापुढं आणायचं. कुणी बाजरीची कणसं आणली, कुणी दुधी, ओझरकडून एक जोडपं येतं त्यांनी टोमॅटोचं आख्खं क्रेट आणलं. म्हातारीला कुठलं शेत? मी माझा कोंबडा नेला. लाल तुऱ्याचा, पिसं अशी की तेल चोपडल्यावानी. टोपलीखाली झाकून नेला, नाहीतर रस्त्यात कुत्री मागं लागत्यात.

आमी अर्पण घेऊन रांगेत उभे, आणि पाळकसाहेब शास्त्र वाचत व्हते. त्यात प्रभू म्हणतो, तू तुझं अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. मी हे शंभरदा ऐकलंय. पण काल कोंबडा काखेत व्हता आणि मला एकदम तू आठवलीस. आता 'तिथंच ठेव' म्हटलंय म्हणजे ठेवायलाच पायजे का न्हाई? मी कोंबडा वेदीच्या लाकडी कठड्याला सुतळीनं बांधला आणि वळले. साहेब म्हणाले, "कोंडाबाई, चालला कुठं?" मी म्हणाले, "समेट करायला." सगळी मंडळी हसली. हसूदे. नोहा तारू बांधत व्हता तवा त्यालाबी हसले व्हते.

आता आहुप्याला यायचं तर माझे गुडघे एस्टीच्या पायऱ्याबी चढू देत न्हाईत, ते राहूदे. मुद्द्याचं लिहिती. अंजना, मी तुला माफ केलंय. माझ्या पोरीच्या लग्नातून तू न जेवता निघून गेलीस. पंगत मांडलेली, पानं वाढलेली, आणि सख्खी मावशी पाठ फिरवून चालती झाली. मला किती लागलं असंल! तरी माफ. तू फक्त उलट टपाली एवढं लिही, 'माझं काही म्हणणं नाही', आणि खाली सही कर. ग्रामपंचायत घर बांधायला ना-हरकत दाखला देती ना, तसं. तो दाखला आला की माझा कोंबडा देवाला पोचला.

स्वतःच्या हातानं लिहिणारी,
कोंडाबाई


आहुपे,
२६ ऑक्टोबर

कोंडाबाई,

पत्र पोचलं. चुलीत घालणार होते, पण यंदा सरपण भरपूर आहे, कागदाची गरज पडली नाही.

सलाम कशाला करतेस? मी फौजदार आहे का?

तू मला माफ केलंस हे घरात वाचून दाखवलं. माझ्या नवऱ्याला, जानकूला, हसताना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. साठी ओलांडलेल्या माणसाला असं हसवू नये. आमच्या भैरवनाथाला कोंबडा दाखवला की त्याच दिवशी निकाल लागतो. तुम्ही तुमच्या देवापुढं तो सुतळीनं बांधून ठेवता आणि दाखला आहुप्यातून मागवता. देवालाही तुमच्याकडं तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात म्हणायचं.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवते, म्हणजे नंतर तुला त्यामागं लपता येणार नाही. गेणू दाजी देवीची लस टोचायला डोंगरात आले, तू त्यांच्याशी लग्न केलंस, त्यांच्या घरचा देव धरलास. त्याचा राग मला तेव्हाही नव्हता. आई म्हणायची, देव कुठला पण धर, पाठचीला सोडू नको.

दाखल्याचं म्हणशील तर मिळणार नाही.

माझी हरकत आहे.

अंजना


जुन्नर,
३० ऑक्टोबर

अंजना,

तुझं पत्र आलं आणि मी अंगणात बसून चारदा वाचलं. शेजारीण म्हणाली, "मावशी, एवढं काय हसताय, कुणाचं लग्न ठरलं?" मी म्हणाले, "बहिणीनं शिव्या घातल्यात." अगं, अठ्ठावीस वर्षं शिवीसुद्धा मिळाली नव्हती! आणि अक्षर अजून तसंच हाय तुझं, काना असा ताठ की जणू भाला. दाजी म्हणालीस तेबी वाचलं. गेणू असते तर त्यांनी कागद देव्हाऱ्यात... म्हणजे शास्त्रात घालून ठेवला असता.

पण म्हणून सोडणार न्हाई तुला. हरकत हाय म्हणती! अगं, तुझ्यासारखं माणूस शास्त्रात हाय, मी दाखवती. एका बापाला दोन पोरं. धाकटा सगळं उधळून, डुकरं राखून, चिंध्या होऊन परत आला. बापानं त्याला पोटाशी धरलं आणि पंगत घातली. थोरला शेतातून आला, वाजंत्री ऐकली आणि दारातच उभा राहिला. आत येईना, जेवंना. बाप बाहेर आला, हातापाया पडला, तरी त्याचं तोंड सुजलेलंच. ही गोष्ट वाचली की मला तूच दिसतीस. त्यातबी तो बरा, दारात तरी उभा राहिला. तू डोंगर चढून गेलीस.

आणि प्रभूनं सांगितलंय, सातदा न्हाई, साताच्या सत्तरपट माफ कर. श्रेयानं मोबाईलवर हिशोब केला, चारशे नव्वद. मी तुला एकदा केलं. अजून चारशे एकोणनव्वद शिल्लक हायेत, तू खुशाल रुसत बस.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत न्हाई, हेबी शास्त्रातलंच बरं का. मुसळ तुझं.

कोंबड्याचं सांगायचं राहिलं. तो अजून देवळाच्या आवारातच हाय. पाळकसाहेब म्हणाले, "घरी न्या, दाखला आला की आणा." मी म्हणाले, "शास्त्रात 'घरी न्या' कुठं लिहिलंय ते दाखवा." आता साहेबांची बायको त्याला दाणे टाकती आणि रविवारी मी त्याला पुन्हा कठड्याला बांधती. गेल्या रविवारी साहेबांनी "आपण शांततेनं प्रार्थना करू" म्हटलं आणि हा आरवला. पोरंसोरं खिदळली. मला इतका आनंद झाला! प्रार्थनेत निदान एकजण तरी मोठ्यानं बोलला.

दिवाळीला तुला एक लुगडं घेतलंय. हिरडा विकत घ्यायला सावळेराम तुमच्याकडं पिकअप घेऊन येतो, त्याच्याजवळ दिलंय. हिरवं हाय, काठ चांगला रुंद. नेसून बघ आणि दाखला लिही. लग्नातलं मानाचं लुगडं राहिलं म्हणूनच तू रुसली असशील, न्हाई का? मला सगळं कळतं.

श्रेया मधेच विचारती, लग्नाच्या फोटोत कडंला टोपली घेतलेली बाई कोण. पोरींना काय उद्योग न्हाई. फोटो जुने झाले की त्यात कोणबी दिसतं.

कोंडाबाई


आहुपे,
७ नोव्हेंबर

कोंडाबाई,

लुगडं परत पाठवलंय. सावळेरामच्या गाडीत हिरड्याच्या पोत्यांवर आहे. पोत्यांखाली ठेव म्हणाले होते, तो ऐकत नव्हता.

लुगड्यासाठी अठ्ठावीस वर्षं रुसायला मी कोण वाटले तुला? आमच्याकडं देवराईतलं वाळकं पान कुणी घरी आणत नाही. झाड पडलं तर जागेवर कुजतं, पण चुलीसाठी तोडत नाहीत. आम्हाला नको असलेलं न घेता राहता येतं.

आता तुझ्या शास्त्राचं. मी ते कधी वाचलं नाही. तू पत्रात लिहिलंस तेवढंच माझ्यापाशी आहे. पण मी चौथी शिकलेय ना टेचात, म्हणून तुझं अक्षर बोट ठेवून ठेवून वाचलं.

पहिली गोष्ट. थोरला पोरगा बाहेर उभा होता तेव्हा बाप पंगत सोडून बाहेर आला. हे तूच लिहिलंस. मी त्या दिवशी मांडवाबाहेर लिंबाखाली उभी होते. दुपारची गाडी माझ्यासमोरून गेली तरी उभी होते. माझ्यामागं कोण आलं?

दुसरी गोष्ट. मुसळ. माझ्या घरी मुसळ कोपऱ्यात उभं आहे, रोज हाताला लागतं. डोळ्यात गेलं तर मला कळेल. तुझ्या घरी तांदूळ गिरणीतून येतो, तू विसरलीस ते केवढं असतं.

तिसरी गोष्ट तुझ्या पहिल्या पत्रात आहे. तुझ्या देवानं काय सांगितलं? तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं म्हटलंय का? नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं आहे. म्हणजे हातात अर्पण घेऊन उभा असतो त्यानंच काहीतरी केलेलं असतं. तू रांगेत उभी राहिलीस, तुला मी आठवले, आणि तू आलीस कशाला, तर मला माफ करायला. अगं, तुझ्या देवानं तुला माफी मागायला धाडलं होतं.

माझ्या मनात काय आहे ते तुला माहीत आहे. मी लिहून देणार नाही. तूच लिही.

अंजना


जुन्नर,
११ नोव्हेंबर

अंजना,

पत्र मिळालं. लुगडं मिळालं. त्याला हिरड्याचा वास येतोय.

तुझ्या मनात काय असंल मला कसं कळणार? लग्नात हजार कामं असत्यात. विहीणबाई पुण्याच्या, त्यांचे पाहुणे बूट घालून मांडवात. माझ्या घरी धड खुर्च्या नव्हत्या. माणूस घाईत काहीबाही बोलतं. कोण काय बोललं ते सगळं ध्यानात राहतं व्हय?

पाळकसाहेबांना विचारलं की ते वचन तू म्हणतीस तसंच हाय का. त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. तसंच हाय. म्हणाले, "कोंडाबाई, मीसुद्धा आजवर ते माझ्याच बाजूनं वाचत आलो." चांगला माणूस. पण मला त्या दिवशी चांगल्या माणसाचा राग आला.

काल उपासनेत पेत्राचा पाठ व्हता. प्रभूला धरून नेलं, आणि त्याचा शिष्य पेत्र अंगणात शेकत बसला, आणि लोक विचारत्यात, तू त्याच्यातलाच ना, तर तो म्हणतो मी त्या माणसाला ओळखत न्हाई. तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाला आणि कोंबडा आरवला. साहेबांनी एवढं वाचलं आणि माझा कोंबडा आरवला. या वेळी कुणी हसलं न्हाई. हसलं असलं तरी मला ऐकू आलं न्हाई.

एकच विचारती. तू तवा मांडवामागं चुलीपाशी व्हतीस ना? लांब व्हतीस. वाजंत्री चालू व्हती. तिथवर ऐकू येत न्हाई, होय ना? एवढंच लिही. बाकी काही नको.

कोंडा


आहुपे,
१४ नोव्हेंबर

कोंडाबाई,

चुलीपाशी नव्हते. मी तुझ्यामागं उभी होते, हातभर अंतरावर. वाजंत्रीवाले चहा प्यायला गेले होते.

तू विचारलंस म्हणून सांगते. भात झोडून चार दिवस झाले होते. त्यातला चांगला तांदूळ आईनं पाखडून दिला, म्हणाली कोंडीच्या लेकीच्या अक्षता याच्या होऊदेत. टोपली डोक्यावर घेऊन मी डिंभ्यापर्यंत चालत आले, पुढं गाडी. पायात काही नव्हतं, काष्टा घातलेला, कपाळावर कुंकू. मांडवात शिरले आणि तुमच्या तेव्हाच्या पाळकाच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, विचारलं, "कोंडाबाई, ही कोण?" तू माझ्याकडं बघितलंस. मग माझ्या पायांकडं बघितलंस. आणि म्हणालीस, "ही होय? डोंगरातली. तांदूळ विकायला येती."

मी ते ऐकलं, एवढ्यावर भागलं असतं. पण बाई माझ्याकडं वळल्या. भल्या होत्या, हसून विचारलं, "पायली कशी दिलीस ग?" तू तिथंच उभी होतीस. मला वाटलं, आता बोलेल. तू पदर नीट करत होतीस. म्हणून मी भाव सांगितला. तुझं खोटं मी खरं केलं, तुझ्या पाहुण्यांपुढं तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. त्या म्हणाल्या, "महाग देतेस."

टोपली चुलीपाशी ठेवली आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिले. पुढचं तुला लिहिलंय.

एक मात्र तुला माहीत नाही. घरी आले तेव्हा आई ओट्यावर वाट बघत होती. म्हणाली, "कोंडीनं काय जेवू घातलं?" मी म्हणाले, बुंदी, पुरी, मसालेभात, दोनदा वाढलं, हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. पुढं दोन वर्षांनी आई गेली. तोवर ज्याला त्याला सांगत होती, माझ्या कोंडीनं बहिणीला शेजारी बसवून जेवू घातलं. तिच्या दहाव्याला तू आलीस तेव्हा बायका तुला म्हणाल्या ना, पोरी, तू आईचं नाव काढलंस? तुला वाटलं उगाच म्हणतात. ते माझं खोटं होतं.

मी तुझ्यासाठी दोनदा खोटं बोलले. तुझ्या देवाकडं माझ्यासाठी काही वचन असेल तर कळव.

पेत्राचं लिहिलंस ते वाचलं. पेत्र तुमचा मोठा माणूस असेल. पण तू कोंबड्यामागं लपू नको.

अंजना


जुन्नर,
सोमवार, १८ नोव्हेंबर

अंजना,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शुक्रवारभर मी अंथरुणातच पडून व्हते. श्रेयानं माझा ताप बघितला. ताप नव्हता.

शनिवारी तिला म्हणाले, तो फोटो आण. ती म्हणाली, "आजी, या बाईच्या हातातली टोपली आपल्या कोंबड्याच्या टोपलीसारखी दिसती." मी म्हणाले, "सारखी न्हाई, तीच हाय." तुझी टोपली, अंजना. बूड दोनदा बांधून घेतलं, पण टाकली न्हाई. ती घरात रोज डोळ्यापुढं असताना मी अठ्ठावीस वर्षं म्हणत आले, बहीण न जेवता गेली. आणि सणाच्या दिवशी देवापुढं कोंबडा नेला तोबी तिच्याखालीच झाकून.

तर तीनदा कसं ते ऐक. लपत न्हाई, मोजून सांगती. एकदा पाळकीणबाईंना. मग पंगतीत विहीणबाईंनी विचारलं, ती बाई न जेवता चालली, कोण ती? मी म्हणाले, कामाची असंल कुणी. म्हणजे तू जाताना मी बघत व्हते. आणि तिसऱ्यांदा याच ऑक्टोबरात, श्रेयानं फोटो दाखवला तवा. असंल कुणी डोंगरातली, म्हणाले. दोनदा तरी लाज वाटून म्हणाले. तिसऱ्यांदा सवयीनं म्हणाले. त्याचं मला लई वाईट वाटलं.

काल रविवारी मी उठले आणि वेदीपाशी गेले. कोंबडा सोडून काखेत घेतला, कारण हाताला काहीतरी धरायला पायजे व्हतं. साहेबांना वाटलं दाखला आला. मी म्हणाले, "न्हाई साहेब. मला मंडळीपुढं बोलायचंय."

आता ऐक गंमत. गंमत म्हणवत न्हाई, पण तू हसशील. तवाच्या त्याच पाळकीणबाई अजून हायेत. पंच्याऐंशीच्या झाल्या, पहिल्या बाकावर बसत्यात, कानानं ठार बहिऱ्या. मी म्हणाले, "माझ्या वैजयंतीच्या लग्नात तांदूळ घेऊन आली ती माझी सख्खी बहीण व्हती, आणि मी ती विकणारी हाय म्हणून सांगितलं." तर त्या कानाला हात लावून, "काय म्हणाली?" मी पुन्हा म्हणाले. पुन्हा, "अगं, मोठ्यानं बोल, कोण व्हती?" तिसऱ्यांदा मी ओरडलेच. "माझी बहीण व्हती! अंजना! माझ्या आईच्या पोटची!" बाहेर रस्त्यावरचे लोक थांबले. कोंबडा फडफडला, माझ्या तोंडात पीस गेलं. तीनदा नाकारलं आणि तीनदा म्हणायला लागलं, ते मी ठरवून केलं न्हाई. म्हातारीच्या कानानं करून घेतलं.

या वेळी म्हातारीला ऐकू गेलं. मग म्हणाली, "मी तिला महाग देतेस म्हणाले व्हते." तिला आठवतंय, अंजना. म्हणाली, "मग ती जेवली का?" मी म्हणाले, "न्हाई." तिनं काठी फरशीवर आपटली. "मग कोंबडा कसला देतीस देवाला? आधी तिला जेवू घाल." पाळकसाहेब म्हणाले, आजी, यांनी कबूल केलंय, आता अर्पण घेऊ. तर म्हातारी म्हणाली, "तू घे. मी बघती देव घेतो का." कोंबडा पुन्हा कठड्याला.

आईला तू बुंदी-पुरी सांगितलीस. ते वाचून मला काय झालं ते लिहिता येत न्हाई, एवढी शाळा माझी झालेली न्हाई. तू विचारलंस तसं वचन मी लई शोधलं. श्रेयानंबी शोधलं. सापडलं न्हाई. सापडलं असतं तरी लिहिलं नसतं. आजवर मी वचनं तुझ्या अंगावरच फेकली.

दाखला नको. माझी चूक झाली. लिंबाखाली तू उभी व्हतीस तवा मी यायला पायजे व्हतं. गुडघ्यांचं कारण खरं हाय, पण तू म्हणशील तर गाडी बदलत बदलत आहुप्याला येती आणि तुझ्या ओट्याखाली उभी राहती. दार उघडायचं का न्हाई ते तू बघ. पण तू आलीस तर रविवारी उपासनेनंतर सगळी मंडळी एकत्र जेवती. माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवती.

कोंडी


आहुपे,
२१ नोव्हेंबर

आक्का,

तू इकडं येऊ नको. घाटातल्या खड्ड्यांत तुझे गुडघे गेले तर निस्तरायला मलाच लागेल. मी रविवारी पहिल्या गाडीनं निघते.

राग गेलेला नाही. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, एका पत्रानं कुठं जाईल? बरोबर घेऊन येते, त्याला पण वाढ.

कोंबडा कापू नका. महिनाभर देवापाशी बांधलेला जीव आमच्यात कुणी खात नाही. म्हातारीला सांग, तुमच्यात चालत असलं तरी माझ्यासाठी नको. कालवण कशाचं पण कर. भात मात्र मी आणलेल्या तांदळाचा. परवाच झोडलाय, मुसळानं सडलाय, गिरणीचा नाही. पिशवीत आणते, कारण टोपली तुझ्याकडं आहे. कोंबड्याची घाण धुऊन ठेव.

दाखला लिहून देणार नाही. जेवून झाल्यावर बघू.

मी अनवाणीच येते, काष्टा घालून, कुंकू लावून, डोक्यावर तांदूळ घेऊन. दारात कुणीतरी विचारीलच, ही बाई कोण. मी बोलणार नाही. भाव पण सांगणार नाही, तांदूळ विकायचा नाही. मी तिथंच उभी राहून तुझ्या तोंडाकडं बघेन.

अंजना